उजवं मागचं चाक

१

सावकाशला घाई करताना कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याच्याच गाडीखाली माणूस गेला.

सावकाश हे अर्थातच टोपणनाव. तो एका काचेच्या दुकानाची पिकअप चालवायचा. हौद्यात लोखंडी घोडी, तिला टेकवून दोरीनं आवळलेल्या उभ्या काचा. सायकलवाला पुढे निघून गेला तरी त्याला कमीपणा वाटत नसे. त्या दिवशी भर दुपारी, मोकळ्या सरळ रस्त्यावर ती पिकअप डावीकडे सरकत गेली. कडेच्या चुना फासलेल्या दगडांना घासली आणि पुढे सायकल हातात धरून चाललेल्या एका शिंप्याला तिनं उडवलं. शिंपी जागीच गेला. हौद्यातल्या काचेला तडासुद्धा गेला नाही.

रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनिसानं गाडी चालवून पाहिली, ती सुतासारखी सरळ चालली. गाडीत दोष नाही, ब्रेक मारलेला नाही, मग उरलं काय? ड्रायव्हरला डोळा लागला. सगळ्यांना हे पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं. सावकाश मात्र कोठडीतून एकच पालुपद लावून बसला होता, की मी झोपलो नव्हतो, गाडी डावीकडे ओढत होती.

मी त्याची वकील. माझी कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, जिथे पंखा लावला की कागद उडतात आणि बंद केला की अशील उठून जातात. त्या खोलीत त्याची बायको माझ्यासमोर बसली होती. डोळे सुजलेले, पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून दोरीसारखं झालेलं.

"वकीलबाई, ते झोपले नव्हते."

"तुम्ही गाडीत होतात?"

"नाही. पण किती तरी दिवस त्यांचा उजवा खांदा धरायचा. रोज संध्याकाळी मी मलम चोळत होते. गाडी डावीकडे जाते, उजवीकडे धरून ठेवावी लागते म्हणायचे. झोपणाऱ्या माणसाचा खांदा दुखतो का?"

"तपासनिसानं चालवली तेव्हा सरळ गेली, बाई. मी कोर्टात खांदा दाखवू का?"

तिनं पदराचं टोक बोटावरून सोडवलं.  मग उठता उठता पुटपुटली, "एकदा टायर बघा ना कुणाला तरी दाखवून."

जामिनाची सुनावणी दोन दिवसांवर आली होती. बुडत्याला काडीचा आधार, आणि माझ्या घरात एक काडी होती, फक्त ती स्वतःला वासा समजायची.

२

ती काडी म्हणजे माझे सासरे. हयातभर त्यांनी तंत्रशाळेत वाहनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी शिकवणं सुटलं नाही, आता घरात शिकवतात. मिक्सर कसा लावावा हेही मला माहीत नाही असं त्यांचं ठाम मत आहे.

"सूनबाई, गाडी खोटं बोलत नाही," ते रिक्षात म्हणाले.

"मामंजी, गाडीनं तपासनिसाला आधीच साक्ष दिलीय. आपल्या विरुद्ध."

"त्यानं तिला विचारलंच नसेल नीट."

पिकअप काचेच्या दुकानाच्या मागच्या आवारात उभी होती. पोलिसांनी पंचनामा केला आणि रस्ता अडतो म्हणून त्याच संध्याकाळी ती मालकाच्या ताब्यात दिली होती. सावकाशची बायको फाटकापाशी थांबली होती. तिनं कुलूप काढलं, आम्हाला आत घेतलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. आवारात फुटक्या काचांचा ढीग होता, हिरवट, कडांवर धुळीचा थर बसलेला.

मामंजी धोतर सावरून पुढच्या चाकापाशी बसले. त्यांनी टायर पाहिलं नाही, त्यावरून तळहात फिरवला. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. डावं झालं, उजवं झालं.

"दोन्ही सपाट झिजलेली. निरोगी," ते म्हणाले.

माझी आशा मावळली. म्हणजे गाडी खरंच सरळ होती.

ते मागे गेले. डावं चाक ठीक निघालं. उजव्या मागच्या चाकावर हात ठेवला आणि तिथेच थांबले. मग माझा हात धरून त्यांनी टायरवर ठेवला. आतल्या बाजूला नक्षी खोल होती, बोट रुतत होतं. बाहेरच्या कडेला नक्षीच नव्हती, नुसतं गुळगुळीत रबर.

"मग? एक टायर खराब," मी म्हणाले.

"हा रोग या जागेवर होतच नाही. मागची दोन चाकं एकाच जाड दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली असतात. ती झुकणार कशी? एका कडेनं झिजायला चाकाचा माथा बाहेर कलंडावा लागतो, आणि तो कलंडतो पुढे. पुढचं डावं चाक असं कलंडलं की गाडी डावीकडे ओढते आणि टायरची बाहेरची कड खाते. हे टायर पुढे झिजलंय, सूनबाई."

"कुणी तरी कधी तरी मागे टाकलं असेल. बदलतात ना टायर आलटूनपालटून."

"बदलतात. पण कधी?" त्यांनी खिशातला रुमाल थुंकीनं ओला केला आणि टायरच्या बाहेरच्या अंगावर घासला. रुमाल मला दाखवला. त्यावर पांढरं आलं होतं.

चुना. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घासली होती, आणि चुना उजव्या चाकाला लागलेला होता.

"दगडांना घासलं तेव्हा हे चाक डावीकडे होतं," मामंजी शांतपणे म्हणाले. "अपघात झाल्यावर आणि तपासनीस येण्याआधी कुणी तरी चाकं बदलली. आणि नुसती चाकं बदलून गाडी सरळ होत नाही. ज्यानं बदलली त्यानं पुढचं वाकडं चाकही सरळ केलं."

मी मागे वळून पाहिलं. सावकाशची बायको भिंतीला टेकून खाली बसली होती.

३

मालकावर माझा संशय आधीपासून होता, कारण तो मला आवडला नव्हता. वकिलानं असं म्हणू नये, पण म्हणते. त्याच्या दुकानात चारी बाजूंनी आरसे, त्यामुळे तो एक खोटं बोलला की पाच मालक मिळून खोटं बोलल्यासारखे दिसत.

"गाडीची कधीच तक्रार नव्हती," पाच मालक म्हणाले.

"सावकाश कधी काही बोलला नाही? ओढते वगैरे?" मामंजींनी विचारलं.

"ड्रायव्हर लोक कुरकुरतातच हो. आज ओढते, उद्या हलते. गाडी सांभाळणं ड्रायव्हरचं काम, हे मी कामावर ठेवतानाच सांगतो."

"म्हणजे बोलला होता."

मालकानं आरशात आपला चेहरा पाहिला आणि तो त्यालाही आवडला नसावा. "एकदोनदा म्हणाला असेल. मी म्हटलं, चालतेय ना? मग चालव."

मला बरं वाटलं. हातात काही तरी आलं होतं. "आणि अपघातानंतर गाडी तुमच्या आवारात होती. तुम्हीच ती दुरुस्त करून घेतलीत. दोष निघाला असता तर तुम्ही अडकला असता."

"मी?" तो खरोखर चकित झालेला दिसला. "मी त्या संध्याकाळी शिंप्याच्या घरी होतो. सबंध रात्र तिथेच. शंभर माणसांनी पाहिलंय. फाटकाच्या दोनच किल्ल्या, एक ही माझ्या कमरेला."

"आणि दुसरी?"

"सावकाशकडे. सकाळी तोच उघडतो. पोलिसांनी घेतली असेल."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, माणूस पाठवून केलं असेल. मामंजी मान हलवत राहिले.

"त्याच्याकडे पैसा आहे. त्याला दोष लपवायचा असता तर खाल्लेलं टायर त्यानं फेकून दिलं असतं आणि नवं बसवलं असतं. पुरावा दुसऱ्या चाकावर चढवून कोण ठेवतो? ज्याच्याजवळ नवं टायर नव्हतं तो."

"किंवा जो मूर्ख आहे तो."

"मूर्ख नाही. चांगला कारागीर आहे. पुढचं डावं मागे उजवीकडे टाकलंय. पुढची फुलीनं, म्हणजे बाजू बदलून, मागे, मागची सरळ पुढे. या जातीच्या गाडीला तीच पद्धत. चोरून काम करणाऱ्यानं एवढं शास्त्र कशाला पाळावं?" ते थांबले. "आपल्याला असा माणूस शोधायचाय ज्याला चोरीसुद्धा वेडीवाकडी करता येत नाही."

४

पिकअपची कामं ज्या अलाइनमेंटवाल्याकडे, म्हणजे चाकं रेषेत आणून देणाऱ्याकडे, व्हायची त्याचं दुकान पंक्चरवाला आणि रंगवाला यांच्यामध्ये होतं. तिथली जमीन पुसलेली होती, पाने भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले. तो स्वतः तरुण, दाढी वाढलेली, डोळ्यांत झोप नाही. मी वकील आहे म्हटल्यावर त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"ती पिकअप? बऱ्याच दिवसांत आली नाही माझ्याकडे."

"अपघाताच्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"दुकान बंद करून घरी."

पालथ्या घड्यावर पाणी. मी आणखी चार प्रश्न विचारले, चारही वाहून गेले. मामंजी मात्र भिंतीवरचे पाने बघत फिरत होते.

"छान दुकान आहे," ते म्हणाले. "आमच्या गल्लीतला एक जण आहे, तो झिजलेली टायर पुढेच ठेवून अलाइनमेंट करतो. लवकर होतं म्हणे."

"तो अलाइनमेंट नाही करत, फसवतो," तरुण एकदम म्हणाला. "कुबड आलेल्या माणसाचं माप घेऊन कोट शिवण्यासारखं आहे ते. माझ्याकडे कुणीही येवो, आधी खराब टायर मागे. त्याशिवाय मी पान्याला हातच लावत नाही."

"फुलीनं?"

"फुलीनंच. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला तसंच..." आणि तो गप्प झाला.

 शेजारी रंगवाल्याचा फवारा चालू होता, त्याचा वास दुकानात येत होता. तरुण खाली वाकला, पाना उचलला, त्याच्या जागी टांगला. 

आम्ही निघालो. उंबऱ्यापाशी त्यानं मामंजींना हाक मारली. "काका, ती जेवते का हो नीट?"

कोण, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारणार होते, तर मामंजींनी माझं मनगट दाबलं. "जेवेल," ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांना दम लागला होता.

"आपल्याला फाटक कुणी उघडून दिलं, सूनबाई?"

मला ते आठवलं. काखेत कळसा होता आणि मी गावभर हिंडत होते.

५

सावकाशच्या घराचं दार त्याच्या बायकोनंच उघडलं. एक खोली, कोपऱ्यात ओटा, खुंटीवर नवऱ्याचा शर्ट. मामंजी दारातच उभे राहिले. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"अलाइनमेंटवाला तुमचा कोण?"

"धाकटा भाऊ," ती म्हणाली. तिनं नाकारायचा प्रयत्नही केला नाही. ती जणू वाटच बघत होती.

मग सगळं सांगितलं, सलग, रडतही नव्हती. अपघाताच्या जागी ती धावत गेली होती. तिथल्या एका शिपायानं तिला म्हटलं, उद्या गाडीची तपासणी आहे, दोष निघाला तर नवऱ्याचं काही खरं नाही, खराब गाडी रस्त्यावर आणली म्हणून आत जाईल. आणि मालक तर रोजच म्हणायचा, गाडी सांभाळणं ड्रायव्हरचं काम. गाडीत दोष होता हे तिला माहीत होतं. तिच्या हातांना माहीत होतं, ती खांदा चोळत होती. नवऱ्याकडची फाटकाची किल्ली घरीच होती, कारण त्या सकाळी फाटक उघडून तो नाश्त्याला घरी आला तेव्हा इथेच विसरला होता.

"भाऊ नको म्हणत होता. मी त्याच्या पाया पडले. म्हटलं, ताईचा संसार वाचव. त्यानं तिथेच आवारात सगळं केलं. वाटलं, आता गाडी सरळ आहे, आता यांना कोण काय बोलणार?" तिनं खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं. "आणि मग साहेब म्हणाले, गाडी सरळ आहे ना, मग हाच झोपला असणार."

 तिनं नवऱ्याला वाचवायला त्याच्या बचावाचा एकुलता एक पुरावा पुसून टाकला होता, आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं त्याला. मला तिचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली.

"म्हणून तुम्ही मला टायर बघा म्हणालात."

"माझ्या तोंडून सांगवेना. वाटलं, तुम्हाला आपोआप दिसेल. कुणी केलं ते न कळता दिसेल."

"तसं होत नाही, पोरी," मामंजी दारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात शिकवणं अजिबात नव्हतं.

मी तिला कायदा सांगितला. गाडी ओढत होती हे सिद्ध करायचं तर ती सरळ कुणी केली हे सांगावं लागणार. पुरावा बदलल्याबद्दल तिच्यावर आणि भावावर गुन्हा. ती ऐकत राहिली. तिला भावाची लहान पोरं दिसत होती, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

६

कोठडीतल्या भेटीच्या खोलीत मध्ये जाळी असते आणि सगळे एकदम ओरडत असतात. सावकाश ओरडत नव्हता, त्यामुळे मला जाळीला कान लावावा लागला.

मी त्याला सगळं सांगितलं. बायकोचं नाव आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले.

"बाई, लिहा, मला डोळा लागला होता."

"तुम्ही झोपला नव्हता."

"ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कोर्टाला सांगा, झोपला होता. ती आत गेली तर..." तो थांबला. "ती अंधारात झोपू शकत नाही. दिवा लागतो तिला."

"खोटं आहे हे माहीत असून मी ते कोर्टात म्हणू शकत नाही. आणि ब्रेक का नाही मारला, हे तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही."

तो जाळीच्या तारांकडे बघत राहिला. शेजारी एक म्हातारी मुलाला शिव्या घालत होती.

"ब्रेक मारला होता," तो म्हणाला. "हळू मारला. खांद्यात कळ आली, हात सुटला, गाडी डावीकडे गेली. शिंपी समोर दिसला. पाय ब्रेकवर गेला, पण नेहमीसारखाच गेला. मागं काच असली की झटका द्यायचा नसतो, बाई. इतक्या वर्षांत पायाला दुसरं काही येतच नाही. डोक्यात माणूस होता हो. पायात काच होती."

 रस्त्यावर खूण का नव्हती ते मला आता समजलं. ज्याला सगळ्यांनी झोपेचा पुरावा मानलं ते त्याचं कसब होतं.

"जोरात दाबला असता तर तो वाचला असता का? रोज विचारतो मी. त्याला दोन पोरी आहेत म्हणे. हे कोर्टात कसं सांगू? झोपलो होतो म्हटलं की निदान एक गोष्ट संपते."

बाहेर त्याची बायको बाकावर बसली होती. तो काय म्हणाला ते मी तिला सांगितलं, झोपेचंही आणि पायाचंही. 

७

सुनावणीला मी टायर, चुना, मागचा दांडा, सगळं मांडलं. मामंजींनी साक्षीत इतकं शिकवलं की न्यायाधीशांनी दोनदा पाणी मागितलं. पण सरकारी वकिलानं दोनच प्रश्न केले. चाकं बदलली असतील, पण कुणी? आरोपीच्या बाजूनं चुना आता लावला नाही कशावरून?

न्यायाधीशांनी सावकाशला उभं केलं. "गाडी खरंच ओढत होती?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही साहेब. गाडी चांगली होती. मला झोप लागली."

सरकारी वकील खाली बसले. मी उभीच राहिले. सगळं संपलं असं मला वाटलं.

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"चाकं मी बदलून घेतली," सावकाशची बायको म्हणाली. ती खांबाला धरून उभी होती. "गाडी डावीकडे ओढत होती. मालकाला माहीत होतं. मला वाटलं, दोष दिसला तर हे अडकतील, म्हणून त्या संध्याकाळी मीच फाटक उघडलं."

तिच्यापलीकडे तिचा भाऊ उभा राहिला. "काम मी केलं, साहेब. कसं केलं ते दाखवतो."

न्यायाधीशांनी तिला पिंजऱ्यात बोलावलं आणि बराच वेळ प्रश्न विचारले. तिनं एकाही उत्तरात पाणी घातलं नाही. शेवटी गाडीची पुन्हा तपासणी करायचा हुकूम झाला, मालकाला नोटीस निघाली आणि सावकाशला जामीन मिळाला. आणि त्याच हुकुमात पुढच्या ओळीत पोलिसांना सांगण्यात आलं की पुरावा बदलल्याबद्दल या दोघांना ताब्यात घेऊन चौकशी करावी. मी खटला जिंकत होते आणि मला मान वर करवत नव्हती.

बाहेरच्या ओसरीत त्यांना जेमतेम बोलण्याइतका वेळ मिळाला. त्याच्या हातातली बेडी नुकतीच काढली होती, तो मनगट चोळत होता. तिच्या शेजारी महिला पोलीस उभी होती, तीही जरा दुसरीकडे बघत होती.

"कशाला बोललीस?" तो म्हणाला. "राहिलो असतो मी आत. काय बिघडत होतं?"

"लोक शिंप्याच्या पोरींना सांगत राहिले असते, तुमच्या बापाला एका झोपाळू माणसानं मारलं."

"मग काय सांगायचं त्यांना?"

"जे झालं ते. पायाचंसुद्धा. तुम्ही स्वतः जाऊन सांगा." तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "तुम्ही झोपला नव्हता."

महिला पोलिसानं तिच्या कोपराला हात लावला. ती भावाच्या मागून जिना उतरली. सावकाश कठड्याला धरून ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला, आणि मग त्यानं मला शिंप्याच्या घराचा पत्ता विचारला.